वरच्यांची भाषा येणारा माझा दीर

आमच्यात ज्याला दुसरं काहीच धड येत नाही, तो बोलायला लागतो. माझा धाकटा दीर त्यातला. नदीवर होतो तेव्हा जाळं विणायला बसवलं तर त्याच्या गाठी सुटायच्या, होडीत घातलं तर त्याच्या पोटात ढवळायचं आणि लाकूड तासायला दिलं तर हाताला लागलं म्हणून दिवसभर बोट धरून बसायचा. सासूबाई म्हणायच्या, "धाकटा आहे, होईल हळूहळू." काय झाला ते सांगते.

आम्ही मूळचे खालचे, नदीच्या मुखाकडचे. आमची बोली वेगळी, तोंडवळे जरा वेगळे, आणि आडनावं अशी की एकाही कारकुनाला कधी नीट लिहिता आली नाहीत. सरकारला आमचा किनारा बंदरासाठी हवा होता. आम्हाला ट्रकमध्ये घालून या डोंगरातल्या शहरात आणून ओतलं. नदीवरच्या माणसांना डोंगरावर ठेवायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली ते मला ठाऊक नाही. बहुतेक त्या डोक्यानं नदीही पाहिली नसेल आणि डोंगरही.

शहर म्हणायचं ते एवढंसं. दोन बाजारपेठा, एक हॉस्पिटल, बस स्टँड, लोकरीचा कारखाना. रस्ते कमी आणि पायऱ्याच जास्त. पत्र्याची छपरं, धुराडी, दुपारपर्यंत न हटणारं धुकं. आमच्यासाठी चार मजली चाळी बांधल्या त्या शहराच्याही वर, जिथे वारा इतका की तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या साधा गोठा बांधला नव्हता. शहरातले लोक आम्हाला अजून 'खालचे' म्हणतात, आणि आम्ही राहतो त्यांच्या डोक्यावर. आम्ही त्यांना 'वरचे' म्हणतो. यात कुणाला काही विनोदी वाटत नाही.

ट्रकमधून उतरलो त्या दिवशी एक अधिकारी भोंगा घेऊन ओरडत होता. कुणाला अक्षर कळत नव्हतं. लहान पोरं रडत होती, म्हाताऱ्या बोचक्यांवर बसून होत्या. शेवटी अधिकाऱ्यानं स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग आमच्याकडे, मग हात वर करून दाखवला. म्हणजे माझी भाषा कुणाला येते का?

माझ्या दिरानं हात वर केला.

तरुणपणी तो घरातून पळून गेला होता आणि डोंगराकडच्या हमरस्त्यावर एका हॉटेलात भांडी घासत होता. दुसरा हिवाळा संपायच्या आत थंडी सोसवेना म्हणून परत आला. तेवढ्या भांडवलावर हात वर. पोटात ढवळलं नाही की बोट दुखलं नाही. अधिकाऱ्यानं त्याला जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत आमचे भावजी पुनर्वसन कचेरीचे दुभाषी झाले. जाड निळा कोट मिळाला, पितळी बटणांचा. आमच्यात कुणाकडे धड स्वेटर नव्हता.

त्यानंतरची कित्येक वर्षं आम्ही आणि हे शहर यांच्यामध्ये तो एक माणूस उभा होता. नळाला पाणी नाही, भावजीला सांगा. पोराला शाळेत घेत नाहीत, भावजीला सांगा. कारखान्यात मुकादम अंगावर आला, भावजीला सांगा. तो सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, खिशातून कंगवा काढून केस नीट करायचा आणि कचेरीत जायचा. परत येताना चेहऱ्यावर असं हसू की जणू सरकार त्याच्या खिशात आहे.

"साहेब काय म्हणाले?"

"साहेबांना फार वाईट वाटलं. म्हणाले, मी जातीनं लक्ष घालतो."

लोक खूश. पाणी यायचं नाही ते नाहीच. पण साहेबांना वाईट वाटलं, या एका गोष्टीवर आमची माणसं महिनोन्‌महिने जगायची. वस्तीत त्याला गोडबोल्या म्हणायचे, आणि ते कौतुकानं. मी सुद्धा म्हणायची. दोन्ही वेळचं जेवण तो आमच्याकडेच जेवायचा, लग्न केलंच नव्हतं. ताटावर बसून साहेबांच्या गोष्टी सांगायचा आणि आमचे हे, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, घास हातात धरून ऐकत राहायचे. भावाचा केवढा अभिमान! मी म्हणायची, "अहो, जेवा, निवतंय." तर म्हणायचे, "थांब गं, तो बोलतोय ना."

मग यांचा उजवा डोळा दुखायला लागला.

हे तेव्हा रस्त्याच्या कामावर दगड फोडायचे. आधी वाटलं कपची उडाली असेल. मग दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. भावजी कोट घालून यांना हॉस्पिटलात घेऊन गेले. मीही गेले होते, मागे बाकावर बसले होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या. त्यांनी यांच्या डोळ्यात दिवा मारला, यंत्र लावलं आणि भावजींशी बराच वेळ बोलल्या. हातवारे केले. शेवटी काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबल्या.

भावजी आमच्याकडे वळले. "काही नाही, थंडीनं डोळा सुजलाय. थेंब देतायत. विचारतायत, थेंबांनी भागेल ना?"

"भागेल की," हे म्हणाले. "थेंबांनी भागलं तर बरंच."

भावजींनी डॉक्टरीणबाईंना एक लहानसं वाक्य सांगितलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा काहीतरी म्हणाल्या, जरा आवाज चढवून. भावजी हसले, मान डोलावली, पुन्हा तेच लहानसं वाक्य. बाईंनी खांदे उडवले आणि थेंबांची बाटली लिहून दिली.

थेंब संपायच्या आत उजवा डोळा गेला. म्हणजे डोळा आहे तिथे, पण भिंतीला खिडकी रंगवावी तसा. भावजी आले, भावाच्या गळ्यात पडून रडले. म्हणाले, "डॉक्टरीणबाई म्हणतात, नशीब. कुणाच्या हातात नव्हतं." आमचे हे त्यालाच थोपटत बसले.

एका डोळ्याच्या माणसाला दगड फोडायला कोण ठेवणार? म्हणून मी कामाला लागले, त्याच हॉस्पिटलच्या धुलाईघरात. मोठ्या भट्टीवर चादरी उकळायच्या, लाकडी दांड्यानं ढवळायच्या, पिळणीतून काढायच्या, वाळवायच्या, मग इस्त्री. तिथली मुख्य बाई वरच्यांपैकी. तोंडाची अशी फाटकी की तिच्याकडून मी त्यांची भाषा शिकले ती शिव्यांपासून. शिवी आधी कळते, मग शिवी कशाबद्दल होती ते, मग चादर, मग डाग, मग रक्ताचा डाग गार पाण्यात टाकतात हे. मी चुकले की ती पिळलेली चादर पाठीत मारायची आणि बरोबर शब्द सांगायची. मी पुन्हा म्हणायची. पुन्हा चूक, पुन्हा चादर. तिला दया-माया नव्हती, पण मला कळलं नाही तर तिचंच काम अडायचं, म्हणून कळेपर्यंत ती सोडायची नाही. असा गुरू सगळ्यांना मिळो.

दुसऱ्या वर्षी मी त्या भाषेत भांडायला लागले. भाषा आली ती अशी ओळखायची.

एकदा मी डोळ्यांच्या विभागात धुतलेल्या चादरींचा गठ्ठा द्यायला गेले, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं.

"तुमच्या मिस्टरांचा डोळा कसा आहे?"

"गेला तो, बाई. तेव्हाच गेला."

त्यांनी सुस्कारा सोडला. "वाटलंच होतं मला. तुम्ही ऑपरेशनला नको का म्हणालात? मी दोनदा सांगितलं होतं, आठवडाभरात केलं नाही तर डोळा वाचणार नाही. आणि दुसऱ्याची तपासणी करत राहा असंही सांगितलं होतं. कुणी फिरकलंच नाही."

चादरींचा गठ्ठा माझ्या हातात होता. मी तो नीट कपाटात लावला. घड्या सरळ केल्या. मग म्हटलं, "आम्ही नको म्हणालो?"

"तुमच्याबरोबर होते ना ते कोटवाले? ते म्हणाले, थेंब चालेल. मी पुन्हा समजावलं, तर पुन्हा म्हणाले, थेंब चालेल, चालेल."

धुलाईघरात न जाता मी सरळ कचेरीकडे गेले. भावजींची गचांडी धरायचीच असं ठरवून गेले होते. पण कचेरीची खिडकी उघडी होती, आत काम चालू होतं, आणि मी बाहेर भिंतीशी उभी राहिले. आत आमच्या तळमजल्यावरची एक काकू होती, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. ती आमच्या बोलीत तोफ डागत होती. "याला सांग, गटाराचं पाणी माझ्या चुलीपर्यंत येतं. सांग याला, तुझ्या बायकोला आणून बसव एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात, मग कळेल!"

भावजी साहेबांकडे वळले. माझा कान आता दोन्हीकडे चालत होता. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं की भावजी वरच्यांच्या भाषेत काय बोलतात.

भावजी म्हणाले, "साहेब, बाई पाणी. चूल पाणी. बाई म्हणते साहेब बायको घेऊन जेवायला या. गिऱ्हाईक खूश. चालेल?"

साहेब हसला, म्हणाला, "आभार सांगा त्यांना. पण गटाराचं काम पुढच्या वर्षाशिवाय होणार नाही, निधी नाही."

भावजी काकूकडे वळले. "साहेब म्हणतात, पुढच्या वर्षापर्यंत सगळं नवं करून देतो."

काकू खूश होऊन बाहेर आली. मला बघून म्हणाली, "तुझा दीर म्हणजे सोनं आहे सोनं. कसं साहेबाला ऐकवलं!"

तोवर मी समजत होते की तो दोन्हीकडे साखर पेरतो. साखर पेरायलाही भाषा लागते. हा हॉटेलच्या मोरीतून उचललेल्या मूठभर शब्दांवर आमचा संसार चालवत होता. उचल, पटकन, गरम आहे, गिऱ्हाईक खूश, चालेल. आणि साहेबाला ते पुरत होतं, कारण त्याला आमच्याकडून 'चालेल' सोडून दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. एका बाजूला काही न येणारा, दुसऱ्या बाजूला काही न ऐकणारा. अशी जोडी जमली की वर्षं कशी सुखात जातात!

घरी आले आणि यांना सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं, कचेरीचं, सगळं. हे उजवी बाजू भिंतीकडे करून बसायचे, तसेच बसून राहिले. मला वाटलं आता उठतील, काठी घेतील, निदान दोन शिव्या घालतील.

"लहान आहे गं तो," हे म्हणाले.

"लहान? पन्नाशी आली त्याची!"

"त्याच्या मनात वाईट नव्हतं."

"अहो, मनात वाईट असतं तर डोळा जास्त गेला असता का?"

माझ्या नवऱ्यासारखी चांगली माणसं पाहिली की मला कधीकधी चांगुलपणाचीच शिसारी येते. अशा माणसाला कुणीही बुडवून जावं आणि यानं वर विचारावं, तुझे हात ओले नाही ना झाले?

दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला चला म्हटलं, तर म्हणाले, "त्याला बरोबर घेऊ." मी ताट आपटलं. तो विषय तिथेच राहिला, आणि त्याच आठवड्यात सभेची दवंडी आली.

राजधानीतून कोणी मोठा अधिकारी आला होता. वस्तीसमोरच्या मैदानात खुर्च्या मांडल्या, नगराध्यक्ष आले, पोलीस आले. आमची सगळी माणसं धुतलेले कपडे घालून जमली. आमच्या लोकांना कुणी खुर्चीवर बसून पाहिलं तरी उपकार वाटतात. भावजी व्यासपीठाच्या कडेला, निळ्या कोटाची बटणं चमकवून, केसांना पाणी लावून.

मोठा अधिकारी उभा राहिला. आवाज गोड, भाषा कचेरीची. म्हणाला, हा उतार शहराला आरोग्यधामासाठी हवा आहे. ही जागा मोकळी करावी लागेल. रहिवाशांची सोय दोन डोंगर पलीकडे, जुन्या खाणीच्या बराकींमध्ये केली आहे. थोडा त्रास होईल, पण समंजस समाज म्हणून आपण सहकार्य कराल अशी खात्री आहे.

भावजींनी घसा साफ केला. त्यातला 'मोकळी' एवढाच शब्द त्यांच्या हाताला लागला असावा, कारण ते म्हणाले, "साहेब म्हणतात, इथे तुमच्यासाठी मोठी मोकळी जागा करणार. म्हाताऱ्यांना बसायला, पोरांना खेळायला. तब्येती चांगल्या राहतील."

मैदानात कुजबुज झाली, खुशीची. कुणीतरी म्हणालं, "बाग असेल, बाग."

"ज्यांना हे मान्य आहे त्यांनी हात वर करावेत," अधिकारी म्हणाला.

हे मात्र भावजींना बरोबर कळलं. "हात वर करा!"

आणि वर गेले की हात! अख्खं मैदान हातांचं. माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्यानंही केला. पोलिसांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. ते बिचारे काठ्या घेऊन आले होते.

मी उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आधी आमच्या बोलीत ओरडले, "हात खाली घ्या! घरं काढून घेतायत तुमची! खाणीच्या बराकीत टाकतायत!" मग वरच्यांकडे वळून त्यांच्या भाषेत, "साहेब, यांनी हात बागेसाठी वर केलेत. तुम्ही बराक म्हणालात, यानं बाग सांगितली."

माझी भाषा धुलाईघराची. त्या वाक्यात आणखी दोन शब्द होते, ते इथे सांगत नाही. नगराध्यक्षांनी खाली बघितलं. मागे उभ्या असलेल्या पोलिसाला हसू फुटलं.

"ही बाई कोण?" अधिकाऱ्यानं भावजींना विचारलं.

भावजी माझ्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "साहेब, बाई... खूश."

"मी खूश नाही," मी म्हटलं. "मी याची भावजय आहे."

सभा उधळली. आता वाटेल की लोकांनी मला खांद्यावर घेतलं असेल. छे! निम्म्यांना वाटलं मी खोटं बोलतेय. उरलेल्यांना वाटलं खरं असेल, पण मोठ्या साहेबांसमोर असं बोलायची काय गरज होती. काकू तर दारात येऊन म्हणाली, "इतकं चांगलं चाललं होतं, तुला कुणी मध्ये तोंड घालायला सांगितलं होतं?" चांगलं चाललं होतं! गटार तिच्या चुलीत होतं.

तरी घरं वाचली. आमच्या पराक्रमानं नव्हे. हात वर झालेली सभा अशी फिस्कटल्यावर मोठा अधिकारी सगळं ढकलत राहिला, आणि तेवढ्यात आरोग्यधामवाल्यांना समोरचा उतार जास्त पसंत पडला, तिथे ऊन जास्त वेळ असतं म्हणे. आमची वस्ती वाचली ती ऊन कमी म्हणून. अशा वस्तीत राहायला मिळणंही भाग्यच.

भावजींची नोकरी मात्र गेली. लबाडी केली म्हणून नाही, कचेरीची शोभा झाली म्हणून. कोट परत घेतला. काही दिवस ते जेवायला आले नाहीत. हे दाराकडे कान लावून बसायचे, मी लक्ष दिलं नाही. मग एका दुपारी मी बटाटे सोलत होते, हे आत झोपले होते, आणि भावजी आले. जुन्या सदऱ्यात, कोटाशिवाय, पिसं काढलेल्या कोंबड्यासारखे. उंबऱ्यातच उभे राहिले.

"वहिनी."

"बसा," मी म्हटलं. "सुरी आहे माझ्या हातात, पण बसा."

बसले. खाली पडलेल्या बटाट्याच्या साली गोळा करायला लागले.

मी विचारलं, "एकच सांगा भावजी. त्या दिवशी डॉक्टरीणबाई ऑपरेशन म्हणाल्या. तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत? भावाला भीती वाटेल म्हणून? की सह्या-बिह्यांच्या भानगडी नकोत म्हणून? खरं सांगा. मी आता काही करणार नाही."

खरं तर मला तो खोटं बोलला असंच ऐकायचं होतं. कचेरीची खिडकी ऐकूनही माझा जीव म्हणत होता, निदान यांच्या डोळ्याच्या बाबतीत त्याला कळलं असेल, त्यानं काहीतरी विचार केला असेल, चुकीचा का होईना.

"मला समजलंच नाही, वहिनी," ते म्हणाले.

"काय?"

"त्या काय म्हणाल्या ते. फार भरभर बोलत होत्या. डोळा कळलं, आठवडा कळलं, आणि थेंब कळलं. बाकी काही नाही."

"मग परत विचारायचं होतंत! सांगायचं होतंत, बाई, मला येत नाही, हळू बोला!"

"कसं सांगणार?" त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "दादा माझ्याकडे बघत होता ना."

मी सुरी खाली ठेवली. खोटारड्याचा राग धरता येतो. लबाडाला शाप देता येतो. पण ज्यानं सख्ख्या भावाचा डोळा जाऊ दिला तो केवळ भावाच्या त्या डोळ्यात आपण लहान दिसू नये म्हणून, त्याचं काय करायचं असतं? मी त्या माणसाकडे पाहिलं. गाल बसलेले, कंगवा अजून खिशात. इतकी वर्षं मी ज्याला वाढत होते तो लबाडसुद्धा नव्हता. लबाड व्हायलाही अंगात काहीतरी लागतं.

"जेवून जा," मी म्हटलं.

शेवटी यांना मी हॉस्पिटलात नेलं. यांच्या हट्टापुढे हात टेकले आणि भावजींनाही बरोबर घेतलं. तिघं एका बाकावर बसलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. या वेळी त्या माझ्याशी बोलल्या, हळू, एकेक शब्द. डाव्या डोळ्यातही दाब वाढलाय. जेवढी नजर गेली ती परत येणार नाही. ऑपरेशन केलं तर उरलेली टिकेल, बहुतेक. बहुतेकच, खात्री नाही. कधीकधी ऑपरेशननंही बिघडतं.

"काय म्हणतायत?" यांनी विचारलं. आणि तोंड माझ्याकडे केलं. डावा डोळा लुकलुकत होता, लहान मुलासारखा.

खोटं कशाला बोलू, माझ्या जिभेवर आलं होतं. सगळं बरं होईल म्हणतायत. चार शब्द. म्हणायला किती सोपे, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा कसा उजळला असता! त्या एका क्षणात मला माझा दीर कळला, आणि कळला याचीच मला जास्त चीड आली.

मी सगळं सांगितलं. जे परत येणार नाही ते, आणि ते 'बहुतेक' सुद्धा.

यांचा चेहरा पडला. मला वाटलं नव्हतं इतका पडला. मग हे माझ्यावरून मान फिरवून पलीकडे भावाकडे वळले. "तू सांग रे," म्हणाले. "तू सांग, काय म्हणाल्या त्या?"

इतकं होऊनही! मी दात आवळले. भावजींनी खिशात हात घातला, कंगवा चाचपला, काढला नाही.

"वहिनी म्हणाल्या तेच, दादा," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बरोबर भाषांतर केलं, आणि तेही माझं.

ऑपरेशन झालं. डावा डोळा टिकला आहे. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही, जिना उतरताना हात धरावा लागतो. हे त्यावर समाधानी आहेत. हे कशावरही समाधानी असतात.

कचेरीनं दुभाष्याचं काम मला देऊ केलं. मी आठवड्यातून काही दुपारी जाते, कोट घेतला नाही. साहेब जे म्हणतात ते मी आमच्या लोकांना जसंच्या तसं सांगते, आणि आमचे लोक जे म्हणतात ते साहेबांना, शिव्यांसकट. त्यामुळे साहेब माझ्यावर नाराज आहेत आणि आमचे लोकही. पाइप बदलले, गटार झालं, दोन मुलांना शाळेत घेतलं. त्याबद्दल कुणी बोलत नाही. "ती फार तोडून बोलते," असं मात्र सगळे बोलतात.

भावजी आता बस स्टँडवर लोकरीच्या टोप्या विकतात. बाहेरगावचे लोक उतरले की त्यांच्यामागे धावतात, "गरम आहे, गरम, चालेल, पटकन!" आणि टोप्या खपतात. वस्तीतली माणसं अजून त्यांच्याकडे जातात. टोपीवाल्या फळकुटाशी उभं राहून आपलं गाऱ्हाणं सांगतात, आणि भावजी ऐकून घेतात, मान डोलवतात, म्हणतात, होईल, होईल, साहेबांच्या कानावर घालतो. कुठले साहेब आणि कसले कान! लोकांनाही ते माहीत आहे. तरी हलके होऊन परत येतात आणि मग माझ्या दाराशी येऊन, कपाळाला आठ्या घालून, खरं काम सांगतात.